सांगलीचे विजय हजारे : खेळ आणि चरितार्थ

कोयनानगरच्या धरणांतून पूर्वेकडे सुटणारें पाणी पाटणवरून कऱ्हाडास येतें, तेथें प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतें आणि पुढें सांगलीच्या घाटावरून कर्नाटकाकडे वाहत जातें. या खोऱ्यांत पावसाचे चार महिने सरले आणि जमीन वाळली, कीं गांवोगांव मुलें बॅट आणि चेंडू घेऊन बाहेर पडतात. त्यांतील एखादा मुलगा इतरांहून निराळा निघतो. त्याचा खेळ पाहून वाटेनें जाणारा माणूसही क्षणभर थबकतो. मग घरीं आईबापांपुढें एकच प्रश्न उभा राहतो : खेळ चांगला आहे खरा, पण खेळून पोट कसें भरावें?

हा प्रश्न आजचा नव्हे. सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं याच कृष्णाकांठच्या एका तरुणापुढें तो उभा होता. त्याचें उत्तर शोधीत त्याला सांगलीहून देवास, जत, पुणें, बडोदें आणि अखेर इंग्लंडांतील गिरण्यांच्या गांवांपर्यंत जावें लागलें. हा तरुण म्हणजे विजय सॅम्युअल हजारे होय. त्यांच्या धावांची गणती पुष्कळांनीं केली आहे. त्या धावा करणाऱ्या माणसाचा योगक्षेम कसा चालला, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. वस्तुतः त्यांची कारकीर्द नीट समजून घेण्याची किल्ली तेथेंच आहे.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें झाला. सांगली त्या वेळीं पटवर्धन घराण्याच्या संस्थानची राजधानी होती. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळेंत शिक्षक, आणि भावंडें आठ. शिक्षकाच्या पगारावर चालणाऱ्या अशा घरांत मुलानें क्रिकेटचा नाद धरावा आणि त्यावरच आयुष्य उभारावें, ही गोष्ट त्या काळीं कोणालाही धाडसाची वाटली असती. कारण क्रिकेट हा चरितार्थाचा मार्ग आहे, असें हिंदुस्थानांत तेव्हां कोणी मानीत नव्हतें.

येथें धंदेवाईक खेळाडू म्हणजे कोण, हें थोडें पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत क्रिकेट खेळणाऱ्यांच्या दोन जाती होत्या म्हटलें तरी चालेल. स्वतःच्या उत्पन्नावर जगून हौसेनें खेळणारे ते 'सद्गृहस्थ', आणि वेतन घेऊन खेळणारे ते नुसते 'खेळाडू'. दोघे एकाच संघांत खेळत, परंतु अनेक मैदानांवर त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, आणि धावपत्रिकेंत नांव छापण्याची रीतही वेगळी असे. संघाचें नेतृत्व बहुधा सद्गृहस्थाकडेच जाई. हा भेद १९६२ सालाच्या अखेरीस रद्द झाला. ऑस्ट्रेलियांत असा उघड भेद नव्हता. पण तेथेंही क्रिकेटपटूला पोटासाठीं दुसरा उद्योग करावाच लागे. हिंदुस्थानांत तर या दोहोंपैकीं कोणतीच व्यवस्था नव्हती. येथें होते ते संस्थानिक. ज्या राजाला क्रिकेटची आवड, तो चांगल्या खेळाडूला पदरीं ठेवी, त्याला दरबारांत किंवा फौजेंत जागा देई, आणि त्या जागेवर राहून तो खेळे. कर्नल सी. के. नायडू यांच्या नांवामागील 'कर्नल' हा हुद्दा होळकरांच्या फौजेचा होता, हें आज अनेकांच्या लक्षांतही येत नाहीं. पहिलवानाला खुराक आणि गवयाला बिदागी देणारा जो राजाश्रय, तोच क्रिकेटपटूच्याही वांट्यास आला.

हजारे यांना हा आश्रय प्रथम देवास येथें लाभला. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनीं त्यांचे गुण ओळखले. हेच विक्रमसिंहराव पुढें १९४७ सालीं कोल्हापूरच्या गादीवर आले. त्यांच्या प्रोत्साहनानें हजारे यांना जत येथें एका असाधारण गुरूची शिकवण मिळाली. जत आज सांगली जिल्ह्याचा एक तालुका आहे. कोयनेच्या खोऱ्यांत जितका पाऊस अधिक, तितकाच तेथें कमी. या कोरड्या मुलखांत डफळे घराण्याचें लहानसें संस्थान होतें, आणि तेथील राजेसाहेबांनीं १९३८ च्या सुमारास क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन गोलंदाजास शिक्षक म्हणून आणलें होतें.

ग्रिमेट यांची स्वतःची कहाणीही या विषयाला धरूनच आहे. त्यांचा जन्म १८९१ सालचा, न्यूझीलंडांतला. नांव मिळविलें ऑस्ट्रेलियाकडून. ३७ कसोटी सामन्यांत २१६ बळी त्यांनीं मिळविले, आणि कसोटींत २०० बळींचा टप्पा ओलांडणारे ते जगांतील पहिले गोलंदाज ठरले. दक्षिण आफ्रिकेच्या १९३५-३६ च्या दौऱ्यांत एकट्यानें ४४ बळी घेऊनही त्यांना त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या संघांत पुन्हां जागा मिळाली नाहीं. मूळचा व्यवसाय म्हणाल तर पाट्या रंगविण्याचा. म्हणजे ज्याची फिरकी पाहून इंग्लंडचे फलंदाज गोंधळत, त्या माणसालाही केवळ क्रिकेटवर विसंबून राहतां येत नव्हतें. असा गुरु आणि हजारे यांच्यासारखा शिष्य जतच्या मैदानावर एकत्र आले. कोणत्या चेंडूला पुढें यावें, कोणत्याला थांबावें आणि कोणता सोडून द्यावा, याची पारख ज्या फलंदाजाला साधली तो सहसा बाद होत नाहीं. आणि ही पारख शिकण्यास ग्रिमेट यांच्याहून चांगला गोलंदाज समोर मिळणें कठीण होतें.

हजारे यांचा खेळ दिसावयास देखणा होता असें नव्हे. बॅट जवळजवळ दोन्ही पॅडांच्या मध्यें धरून ते उभे राहत. ही ढब पुस्तकी नियमांत बसत नसे. परंतु एकदां खेळपट्टीवर स्थिरावले, कीं त्यांना हलविणें हें दिवसभराचें काम होई. बोलणें कमी, हावभाव नाहींत. चुकीच्या चेंडूला शिक्षा आणि बाकीच्यांना मान, एवढाच त्यांचा हिशोब.

या हिशोबाचें पहिलें मोठें फळ १९३९-४० च्या हंगामांत दिसलें. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र संघाकडून बडोद्याविरुद्ध पुणें येथें खेळतांना हजारे यांनीं नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकाच्या सामन्यांतील हें पहिलें त्रिशतक होय. त्या वर्षीं आणि पुढच्याही वर्षीं महाराष्ट्रानें करंडक जिंकला. आतां गंमत अशी, कीं ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनीं असें झोडपलें, त्याच बडोद्याच्या संस्थानी नोकरींत ते लवकरच दाखल झाले आणि पुढील वीस वर्षें त्याच संघाकडून खेळले. सांगलीचा माणूस महाराष्ट्राचा संघ सोडून बडोद्यास कां गेला, याचें उत्तर आवडीनिवडींत शोधण्याचें कारण नाहीं. जेथें नोकरी तेथें खेळ, हा त्या काळचा नियमच होता.

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांतही हजारे यांचें स्थान असेंच वेगळें होतें. त्या स्पर्धेंत संघ धर्मावरून बनत. हिंदु, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांचे स्वतंत्र संघ असत. यांपैकीं कोठेंच न बसणाऱ्यांचा पांचवा संघ 'शेष' म्हणून उतरे. हजारे ख्रिस्ती असल्यामुळें शेष संघांत. १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्न मैदानावर अंतिम सामना झाला. हिंदु संघानें ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. शेष संघ पहिल्या डावांत १३३ धावांत आटोपला आणि त्याला लागलीच दुसऱ्या डावास उतरावें लागलें. त्या डावांत संघाच्या एकूण ३८७ धावांपैकीं ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. त्यांचे धाकटे बंधु विवेक हजारे यांनीं त्यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी केली, आणि तींत स्वतःच्या धावा अवघ्या २१ ! पण त्या २१ धावांमागें भावासाठीं एक बाजू लावून धरण्याची जी चिकाटी होती, तिचें मोल धावांत मोजतां येणार नाहीं. शेष संघ एक डाव आणि ६१ धावांनीं हरला, तरी तो सामना स्मरणांत राहिला आहे तो हरलेल्यांच्या खेळामुळें. धर्मावर उभारलेली ही स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली, आणि तें योग्यच झालें.

महायुद्धानें मात्र हजारे यांचीं उमेदीचीं वर्षें गिळलीं. पहिला कसोटी सामना ते लॉर्ड्सवर १९४६ सालीं खेळले, तेव्हां त्यांचें वय ३१ होतें. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे मार्च १९४७ मध्यें, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत बडोद्याची गांठ होळकर संघाशीं पडली. ३ बाद ९१ अशा स्थितींत हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि त्यांनीं ५७७ धावांची भर घातली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. एका संस्थानच्या पदरचे खेळाडू दुसऱ्या संस्थानच्या पदरच्या खेळाडूंशीं लढत होते, आणि पांच महिन्यांनीं तीं संस्थानें ज्या राज्यव्यवस्थेवर उभीं होतीं ती व्यवस्थाच संपावयाची होती. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील कोणत्याही जोडीची ही सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ती जवळजवळ ६० वर्षें टिकली. २००६ सालीं कोलंबो येथें संगकारा आणि जयवर्धने यांनीं ६२४ धावांची भागीदारी करून ती मागें टाकली.

स्वातंत्र्यानंतर भारताचा संघ प्रथमच ऑस्ट्रेलियास गेला. जतच्या मैदानावर ऑस्ट्रेलियन गुरूकडून घेतलेली विद्या तेथें कसोटीस लागली. जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेडला ऑस्ट्रेलियानें ६७४ धावा केल्या. भारताचे पांच गडी १३३ धावांत परतल्यावर हजारे आणि दत्तू फडकर यांनीं १८८ धावा जोडल्या. हजारे ११६, फडकर १२३. तरीही भारताला पुन्हां फलंदाजीस यावें लागलें. दुसऱ्या डावांत लिंडवॉल यांनीं ३८ धावांत सात गडी बाद केले, आणि भारताच्या सहा खेळाडूंना एकही धाव करतां आली नाहीं. त्या पडझडींत हजारे यांनीं १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत. सामना भारतानें गमावला. ब्रॅडमन यांनीं त्यांत २०१ धावा केल्या खऱ्या, पण त्यांचा त्रिफळा उडविला तो हजारे यांनींच. सिडनीच्या कसोटींतही ब्रॅडमन १३ धावांवर त्यांच्याच चेंडूवर बाद झाले होते. पुढील वर्षीं मुंबईस वेस्ट इंडीजविरुद्ध विजयासाठीं ३६१ धावा हव्या असतां भारत ८ बाद ३५५ पर्यंत पोहोंचला आणि वेळ संपली. विजय सहा धावांनीं दुरावला. त्या डावांत हजारे यांच्या १२२ धावा होत्या.

याच सुमारास त्यांच्या चरितार्थाची पायाभूत व्यवस्था बदलत होती. १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. राजाश्रय ओसरूं लागला, आणि भारतांतील चांगल्या खेळाडूंची दृष्टि इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याकडे वळली. तेथील कापडगिरण्यांच्या गांवांत शनिवारीं दुपारीं क्लबांचे सामने होत. प्रत्येक क्लबाचे बाकीचे खेळाडू गांवचेच कामगार, कारकून, दुकानदार. वेतन घेणारा धंदेवाईक खेळाडू फक्त एक. त्या एकानें धावा कराव्या, बळी घ्यावे आणि आठवड्यांत पोरांना शिकवावें. त्यानें अर्धशतक केलें, कीं प्रेक्षकांत टोपी किंवा पेटी फिरे आणि जमेल तें नाणें त्याच्या हातीं पडे. वेस्ट इंडीजचे कॉन्स्टंटाइन, भारताचे अमरसिंग आणि लाला अमरनाथ यांनीं ही वाट आधींच मळली होती. हजारे यांनींही रॉटनस्टॉल आणि रॉयटन या क्लबांसाठीं असा खेळ केला. राजाच्या मर्जीऐवजीं लेखी करार आणि दरबाराऐवजीं गिरणीकामगारांची गर्दी, असा हा पालट होता. यांत मानहानि कांहींच नव्हती. उलट, आपल्या कौशल्याचा मोबदला उघडपणें मागण्याचा आणि घेण्याचा हक्क खेळाडूला तेथें होता.

या दोन व्यवस्थांचा संघर्ष भारतीय क्रिकेटला १९५२ सालीं चांगलाच भोंवला. हजारे १९५१-५२ च्या हंगामापासून कर्णधार होते. फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला त्यांच्या संघानें इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनीं हरविलें. भारताचा कसोटींतील हा पहिला विजय. पहिल्या कसोटीनंतर त्यासाठीं वीस वर्षें लागलीं. त्या विजयाचा मुख्य शिल्पकार विनू मांकड. त्यांनीं दोन्ही डावांत मिळून बारा बळी घेतले. पण पुढें त्याच उन्हाळ्यांत संघ इंग्लंडास निघाला, तेव्हां मांकड त्यांत नव्हते. त्यांना लँकेशायरमधील हॅसलिंग्डन क्लबाचा करार मिळत होता. दौऱ्यावर निवड निश्चित असल्याचें आश्वासन त्यांनीं मागितलें. तें मिळालें नाहीं, आणि त्यांनीं करार पत्करला.

परिणाम लीड्सच्या पहिल्या कसोटींत दिसला. पहिल्या डावांत विजय मांजरेकर यांनीं १३३ आणि हजारे यांनीं ८९ धावा करून २२२ धावांची भागीदारी केली होती. दुसऱ्या डावांत ट्रूमन आणि बेडसर यांच्यापुढें एकही धाव होण्यापूर्वीं भारताचे चार गडी बाद झाले. धावफलकावर चार बाद शून्य ! अशा वेळीं हजारे यांनीं ५६ धावा केल्या आणि फडकरांसह १०५ धावांची भर घालून लाज राखली. त्यानंतर मात्र क्लबाकडून मांकडांना सोडवून आणावें लागलें. लॉर्ड्सवर त्यांनीं ७२ आणि १८४ धावा केल्या, तरी सामना हातचा गेलाच. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. लीड्सला नाणेफेकीसाठीं हजारे यांच्यासमोर जे उभे होते ते लेन हटन विसाव्या शतकांत इंग्लंडचें कर्णधारपद मिळविणारे पहिले धंदेवाईक खेळाडू होते, आणि तो त्यांचा पहिलाच सामना होता. इंग्लंडनें धंदेवाईकाला नेतृत्व दिलें, त्याच सामन्यांत भारतानें आपला सर्वोत्तम धंदेवाईक घराबाहेर ठेवला होता.

कर्णधारपदाचें ओझें हजारे यांना मानवलें नाहीं. त्यांच्या नेतृत्वाखालीं भारत १४ कसोटी खेळला. एक विजय, पांच पराभव, आठ सामने अनिर्णित. आरंभींच्या दोन सामन्यांत, दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५, अशीं शतकें त्यांनीं केलीं. पण पुढें त्यांची धांवसंख्या उतरत गेली. या पदानें एका महान फलंदाजाचें नुकसान केलें, असें विजय मर्चंट यांचेंही मत होतें. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ते पुन्हां कसोटी खेळले नाहींत. ३० कसोटींत २,१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतकें. प्रथम दर्जाच्या सामन्यांत १८,७४० धावा, ६० शतकें आणि ५९५ बळी. १९६० सालीं त्यांना 'पद्मश्री' मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोद्यास त्यांचें निधन झालें. देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांचा करंडक त्यांच्याच नांवें खेळला जातो.

आज परिस्थिति पालटली आहे. सांगलींतच वाढलेल्या स्मृति मानधना २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्यावसायिक स्पर्धेंत ब्रिस्बेनच्या संघाकडून खेळल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें महिलांच्या पहिल्या लिलावांत त्यांना ३ कोटी ४० लाख रुपयांची सर्वोच्च बोली लागली. ज्या गांवच्या मुलाला एका ऑस्ट्रेलियन गुरूची विद्या राजाच्या कृपेनें मिळाली, त्याच गांवची मुलगी स्वतःच्या करारावर ऑस्ट्रेलियास जाऊन खेळली. मधल्या ऐंशी वर्षांचें अंतर एवढ्या एका गोष्टींत सामावलें आहे.

तथापि या बदलानें आरंभीचा प्रश्न पुरता सुटला, असें समजूं नये. लिलावांत नांव येणारे थोडे. न येणारे पुष्कळ. पूर्वीं राजाची मर्जी फिरली कीं खेळाडू उघडा पडे. आज गुडघा दुखावला किंवा एक हंगाम वाईट गेला, तरी तेंच घडतें. हजारे यांची कारकीर्द शिकविते ती एवढीच गोष्ट, कीं खेळाडूचा गुण त्याच्या अंगीं असला, तरी तो फुलण्यास पोटाची काळजी वाहणारी कांहीं एक व्यवस्था पाठीशीं लागते, आणि ती व्यवस्था आंधळी असेल तर लीड्सच्या मैदानाप्रमाणें सर्व देशाला तिचें मोल द्यावें लागतें. कोयनानगरच्या मैदानावरील मुलाच्या आईबापांचा प्रश्न म्हणूनच हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर त्यांनीं एकट्यांनीं द्यावयाचें नसून शाळेनें, गांवानें आणि सरकारनेंही द्यावयाचें आहे.